ब्रेम गावचा उभा द्राक्षमळा

जर्मनीत मोझेल नदीच्या वळणावर ब्रेम नावाचे चिमुकले गाव आहे. गावाला लागूनच दक्षिणेकडे तोंड केलेला काल्मोंट डोंगर आहे. त्याचा उतार काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत जातो. अशा उतारावर ट्रॅक्टर चालत नाही. तरी शेतकरी तेथेच वाइनची द्राक्षे लावतात. असे का?

ब्रेम ५० उत्तर अक्षांशाजवळ आहे. द्राक्षे पिकू लागतात त्या सुमारास, २३ सप्टेंबरला, भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४० अंशच वर असतो. साइन ४० = ०.६४. म्हणजे लंब किरणांनी जेवढी ऊर्जा मिळते, तिच्या ६४ टक्केच सपाट जमिनीला मिळते. ६५ अंशांच्या उतारावर मात्र किरण लंबापासून १५ अंशच ढळतात. कोसाइन १५ = ०.९७; म्हणजे ९७ टक्के! शिवाय तेथला पाटीचा दगड दिवसा तापतो आणि रात्री वेलींना ऊब देतो.

पण बहुतेक कामे हातानेच करावी लागतात. हे कष्ट न परवडल्याने विसाव्या शतकात तेथले काही मळे ओसाड पडले.

विजेरीचा झोत वहीवर आधी सरळ, मग तिरपा टाका. उजेड कोठे पसरट व फिका दिसतो, ते पाहा आणि कारण सांगा.