क्षारदग्ध नेत्र : पेशीमृत्यूचे मार्ग आणि वैद्याचे पहिले कर्तव्य

आपल्या गोंदिया जिल्ह्यात खर्रा घोटणे ही नित्याची बाब आहे. त्यामुळे चुन्याची पुडी घरोघरी, लहान मुलांच्या हाती लागेल अशा जागी पडलेली असते. पुडी खेळताना दाबली गेली की फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांत असे मूल नेत्रतज्ज्ञाकडे नव्हे, तर प्रथम गावातील वैद्याकडे आणले जाते. अशा वेळी पहिल्या पाच मिनिटांत काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

शास्त्राधार

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या, क्षारपाकविधि अध्यायात क्षारदग्धावर अम्लद्रव्यांचा उपयोग सांगितला आहे. अम्लसंयोगाने क्षाराची तीक्ष्णता शमते, ही त्यामागील उपपत्ती. ती स्मरून कोणी डोळ्यात लिंबूरस, ताक वा कांजी घालण्याचा विचार करील. परंतु हे सर्वथा वर्ज्य समजावे. तो विधी वैद्याने मोजून केलेल्या क्षारकर्माचा आहे. त्याच अध्यायात वर्त्मरोग वगळता नेत्रावर क्षार वापरण्याचा निषेध आहे, म्हणजे नेत्राची नाजूकता आचार्यांनी वेगळी मानली आहे. डोळ्यात किती चुना गेला हे आपणास ठाऊक नसते. अम्लामुळे नवी इजा होते, उष्णता उत्पन्न होऊ शकते आणि मोलाचा वेळ जातो.

संप्राप्ति : पेशीमृत्यूचे दोन काळ

ओल्या चुन्याचा पीएच सुमारे 12.4 असतो. असा तीव्र अल्कली पेशींच्या आवरणातील स्निग्धांशाचा अक्षरशः साबण करतो. आवरण फुटून पेशी तत्काळ मरतात आणि द्रव खोलवर शिरतो. हा पहिला काळ काही मिनिटांचा असून यावर पाण्याने धावन हाच खरा उपाय आहे.

दुसरा काळ तासांपासून आठवड्यांपर्यंत चालतो. यात पेशी स्वतःच्याच यंत्रणेने मरतात. अ‍ॅपॉप्टोसिसमध्ये पेशी शांतपणे आक्रसते. नेक्रोप्टोसिस व पायरोप्टोसिसमध्ये ती फुटून शोथ वाढविते. फेरोप्टोसिसमध्ये लोहाच्या साहाय्याने स्निग्धांशाचे ऑक्सिडीकरण होते. उंदरांवरील प्रयोगांत फेरोस्टॅटिन-1 या द्रव्याने शेवटचा मार्ग रोखला असता अल्कलीदग्ध कॉर्नियात नव्या रक्तवाहिन्यांची वाढ कमी झाली. तथापि हे संशोधन अद्याप प्रयोगशाळेच्या पातळीवर आहे.

शुक्लकृष्णगत संधीत कॉर्नियाचे पृष्ठ नव्याने घडविणाऱ्या मूळपेशी असतात. त्या मेल्या तर कॉर्निया अपारदर्शक होतो. अशा रुग्णांसाठी निरोगी डोळ्यातील अल्पशा ऊतीचे रोपण करण्याची ‘स्लेट’ ही पद्धती हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. वीरेंद्र सांगवान व सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केली. परंतु दोन्ही डोळे भाजले असतील तर निरोगी डोळा आणावयाचा कोठून?

तातडीची चिकित्सा

1. इतिहास, नोंद, दृष्टिपरीक्षा नंतर. प्रथम धावन. सलाइन वा रिंगर लॅक्टेट उत्तम. ते शोधण्यात वेळ न घालविता नळाचे स्वच्छ पाणी घ्यावे. पापण्या उघड्या धरून किमान 30 मिनिटे धार सोडावी.
2. कोरड्या कळीच्या चुन्याची भुकटी चेहऱ्यावर असल्यास ती आधी झटकावी, मग धावन करावे.
3. दोन्ही पापण्या उलटून चिकटलेले कण ओल्या कापसाच्या बोळ्याने काढावेत. एक कणही राहिला तरी तो विरघळत राहून दाह चालूच ठेवतो.
4. धावन थांबविल्यानंतर पाच मिनिटांनी पीएच-कागद खालच्या पापणीच्या आत टेकवावा. 7 ते 7.5 न आल्यास पुन्हा धावन करावे.
5. त्यानंतर रुग्णास त्वरित नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. वाटेतही धावन चालू ठेवता आल्यास उत्तम.

तूप, मध, गुलाबपाणी, अंजन यांपैकी काहीही घालू नये. नेत्रतज्ज्ञ अशा रुग्णांत क-जीवनसत्त्वाचे अ‍ॅस्कॉर्बेट वापरतात. म्हणून आवळ्याचा रस डोळ्यात घालावा, असा निष्कर्ष निघत नाही. डोळ्यातील औषध निर्जंतुक व योग्य पीएचचे असावेच लागते.

औषधी-निर्मात्यांसाठी

अपामार्गक्षार करताना व क्षारसूत्रासाठी स्नुहीक्षीर गोळा करताना कामगारांस बंद बाजूंचे चष्मे द्यावेत. कामाच्या जागी वाहत्या पाण्याचा नळ असावा. अर्कक्षीराबाबत विशेष दक्षता हवी : आरंभी वेदना अल्प असल्याने रुग्ण गाफील राहतो, परंतु कॉर्नियाच्या आतील थरातील पेशी नष्ट होऊन दृष्टी अंधुक होते.

उपसंहार

पेशीमृत्यूचे मार्ग रोखणारी औषधे उद्या येतील. ती आली तरी पहिल्या पाच मिनिटांत मेलेली पेशी त्यांना परत आणता येणार नाही. ती मिनिटे आपल्या हाती आहेत. पीएच-कागदाची एक डबी व सलाइनच्या दोन बाटल्या प्रत्येक चिकित्सालयात असाव्यात आणि चुन्याची पुडी मुलांपासून दूर ठेवण्याचा सल्ला प्रत्येक खर्रा खाणाऱ्या रुग्णास द्यावा, अशी आमची विनंती आहे.