आसुडाचे टोक

सप्लाय चेन मॅनेजमेंट म्हणजे एमबीएवाल्यांचे काम, असे आपण मेकॅनिकलवाले समजतो. आणि ई-प्रोक्युअरमेंट म्हणजे काय, तर पर्चेस ऑर्डर कागदाऐवजी वेबसाइटवरून पाठवायची, वेळ वाचतो, झाले! पण मित्रहो, गोष्ट एवढ्यावर संपत नाही. आपल्या मेसचेच उदाहरण घेऊ.

समजा, मेसला रोज ३०० अंडी लागतात. परीक्षा आली, जागरणे सुरू झाली आणि एक दिवस ३३० लागली. ३० वाढली म्हणून मेसवाले काका आणखी ३० हाताशी असावीत असा विचार करून दुकानदाराला ३६० सांगतात. दुकानदाराला मेसमधले काही दिसत नाही. त्याला ६० ची वाढ दिसते. तोही तेवढीच वर धरून होलसेलरकडे ४२० मागतो. होलसेलरला १२० ची वाढ दिसते, तो पोल्ट्रीवाल्याला ५४० ची ऑर्डर देतो. खाणाऱ्यांची मागणी वाढली १० टक्के, पोल्ट्रीपर्यंत पोचली ८० टक्के! परीक्षा संपून पोरे गावी गेली की हाच खेळ उलट्या दिशेने.

यात कोणी मूर्ख नाही की लबाड नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणच केले. एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी १९६१ च्या 'इंडस्ट्रियल डायनॅमिक्स' या पुस्तकात ही वाढत जाणारी उलथापालथ मांडली. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला डायपरच्या ऑर्डर्समध्ये तेच आढळले आणि त्याला नाव पडले 'बुलव्हिप इफेक्ट'. बुलव्हिप म्हणजे आसूड. मूठ जराशी हलते, टोक मात्र सपकन फिरते.

वेबचा खरा उपयोग इथे आहे. पूर्वी कंपन्यांमध्ये ईडीआय असे, त्याचा खर्च छोट्या सप्लायरला झेपत नसे. आता नुसता ब्राउझर पुरतो. प्रश्न एवढाच, की त्या स्क्रीनवर दाखवायचे काय? वॉलमार्टने १९९१ मध्ये रिटेल लिंक सुरू करून दुकानातल्या विक्रीचे आकडेच सप्लायरपुढे ठेवले. म्हणजे पोल्ट्रीवाल्याला थेट मेसमधले ३३० दिसले. मग तो ५४० च्या मागे कशाला लागेल?

सिस्कोचे उदाहरण याच्या उलट. इंटरनेटवरून ऑर्डर घेण्यात ही कंपनी आघाडीवर होती. पण २००० साली मालाचा तुटवडा पडला, तेव्हा लवकर कुठून तरी मिळावा म्हणून अनेक गिऱ्हाइकांनी एकच मागणी दोन-दोन ठिकाणी नोंदवली. ऑर्डर म्हणजेच मागणी, असा हिशेब झाला. मग बाजार पडला आणि २००१ मध्ये सुमारे सव्वादोन अब्ज डॉलरचा साठा राइट-ऑफ करावा लागला! सिस्टिम वेगवान होती, पण तिच्यातून धावत होते ते फुगलेले आकडे.

सिस्को मोठी होती, तगली. आसुडाच्या टोकाला जो असतो त्याचे काय? इन-प्लांट ट्रेनिंगला मी भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये होतो. तिथले मालक रोज सकाळी एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या व्हेंडर पोर्टलवर शेड्यूल बघायचे. महिन्याच्या सुरुवातीला आकडा वाढला म्हणून त्यांनी उधारीवर जादा बार आणून ठेवले. पंधरवड्यात आकडा निम्म्यावर आला. बार पडून राहिले आणि व्याज चालू. ते मला म्हणाले, "पूर्वी फोन यायचा, निदान भांडता तरी यायचं. आता नुसता आकडा बदलतो." त्या पोर्टलवर शेड्यूल होते, पण गिऱ्हाइकाच्या गाड्या किती खपल्या हे कुठेच नव्हते. वाईट बातमी आता लवकर कळत होती, एवढाच फरक!

आपल्यातले काही जण उद्या अशी पोर्टल्स लिहितील, काही जण पर्चेसच्या खुर्चीत बसतील. तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: शेवटच्या सप्लायरला आपण फक्त ऑर्डर दाखवतोय की प्रत्यक्ष खपही दाखवतोय?

आणि सुरुवात करायला नोकरीची वाट बघायला नको. शनिवारी घरी जाताना मेसच्या रजिस्टरमध्ये तेवढे नाव लिहून जात जा. मागणीची खरी माहिती म्हणतात ती हीच!