गावठी अंडी : धुवावीत की पुसावीत?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात न्यावयाची अंडी आदल्या दिवशी विहिरीच्या पाण्यात बुचकळून स्वच्छ करावीत, असे गृहिणीला वाटणे स्वाभाविक आहे. मळकट अंड्याला गिऱ्हाईक हात लावीत नाही. परंतु अशा धुण्यानेच अंडे लवकर नासते.

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. अंडे घालतेवेळी त्यावर एक ओलसर लेप येतो व तो लगेच वाळून ही छिद्रे झाकतो. पाण्याने व घासण्याने हा लेप निघून जातो. शिवाय अंडे उबदार आणि पाणी थंड असल्यास आतील द्रव्य आकुंचन पावते व कवचावरील घाण पाण्यासह आत ओढली जाते. कोंबडीच्या विष्ठेत साल्मोनेला हे रोगजंतू असू शकतात. त्यांच्यामुळे होणारे जुलाब व ताप लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्या जिवावरही बेतू शकतात.

म्हणून स्वच्छतेचा आरंभ खुराड्यातच व्हावा. अंडी घालण्याच्या टोपलीत कोरडा पेंढा असावा आणि पावसाळ्यात तो वरचेवर बदलावा. टोपलीत कोंबड्यांनी रात्र काढू नये, यासाठी त्यांना बसावयास वेगळा आडवा दांडा द्यावा. अंडी सकाळी व सायंकाळी गोळा करावीत.

थोडेसे मळलेले अंडे कोरड्या खरखरीत फडक्याने वा बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसावे. फार माखलेले अंडे बाजारात नेऊच नये. ते घरी वापरावयाचे असल्यास अंड्याहून उष्ण, हाताला सोसेल अशा पाण्याच्या धारेखाली धुवावे, लगेच कोरडे करावे आणि त्याच दिवशी पुरते शिजवून खावे. तडकलेले अंडे टाकून द्यावे. खुडूक कोंबडीखाली ठेवावयाची अंडी तर मुळीच धुवू नयेत. अंडी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

अंडी थंड जागी, निमुळते टोक खाली करून ठेवावीत. हवेची पोकळी रुंद टोकाकडे असते. सुक्या मासळीच्या शेजारी ती ठेवू नयेत, कारण वासही छिद्रांतून आत शिरतो. फ्रीजमध्ये ठेवलेली अंडी वापरापर्यंत तेथेच असू द्यावीत; बाहेर काढताच त्यांना घाम सुटतो.

ताजे अंडे पाण्यात आडवे पडते, शिळे उभे राहते व फार जुने तरंगते. ही परीक्षाही अंडे शिजवावयाच्या वेळीच करावी.