अडवणारा हात, देणारा हात
(डिकेम्बे मुटोम्बो यांच्या खेळाच्या जीवनाचा अभ्यास)

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ मुले संध्याकाळी मैदानावर असतात, आणि रविवारी वर्गात येऊन बसली तरी त्यांचे अर्धे मन तेथेच असते. त्यांच्याशी खेळाविषयी बोलताना आपण शिक्षक बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट करतो. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय असे तरी सांगतो, किंवा एखाद्या विजयी खेळाडूकडे बोट दाखवून ‘असे व्हा’ म्हणतो. पहिल्याने मूल दुरावते. दुसऱ्याने ते फसते, कारण विजयी होणारे नेहमी थोडेच असतात. म्हणून या पाठासाठी आम्ही असा एक व्यावसायिक खेळाडू निवडला आहे की, ज्याला अठरा हंगाम खेळूनही अजिंक्यपद एकदाही लाभले नाही, आणि तरीही ज्याचे श्रम व्यर्थ गेले असे कोणी म्हणणार नाही.

१. खेळाची ओळख

बास्केटबॉलची सुरुवात १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत झाली. तेथील शिक्षक जेम्स नेस्मिथ हे मूळचे कॅनडाचे, व त्यांनी ईश्वरविज्ञानाचे शिक्षण पुरे केले होते. हिवाळ्यात तरुणांना छपराखाली खेळता यावे आणि धसमुसळेपणा होऊ नये, म्हणून त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या उंचावर ठोकल्या व तेरा नियम लिहून काढले. याच संस्थेच्या शाखांमार्फत हा खेळ पुढे भारतातही आला.

आजही कडे जमिनीपासून १० फूट उंच असते. त्यात चेंडू टाकणारा सर्वांच्या नजरेत भरतो. परंतु प्रतिपक्षाचा चेंडू हवेतच अडवणारा गडीही तितकाच मोलाचा असतो. त्याचे काम कठीण आहे. चेंडू वर चढत असतानाच त्याला हात लावावा लागतो. तो टोपलीकडे खाली उतरू लागल्यावर हात लावला, तर तो टोपलीत पडला असे धरून प्रतिपक्षाला गुण दिले जातात. याचा अर्थ असा की, नुसती उंची पुरत नाही. वाट पाहणे आणि नेमक्या क्षणी उठणे, दोन्ही साधावे लागते.

२. डॉक्टर होण्यास निघालेला तरुण

डिकेम्बे मुटोम्बो यांचा जन्म २५ जून १९६६ रोजी काँगोच्या राजधानीत, किन्शासा येथे झाला. १९८७ साली ते शिष्यवृत्ती मिळवून वॉशिंग्टन येथील जॉर्जटाऊन विद्यापीठात गेले. डॉक्टर होऊन मायदेशी परत यावे हा त्यांचा मानस होता. परंतु ७ फूट २ इंच उंचीचा विद्यार्थी प्रशिक्षकांच्या नजरेतून कसा सुटेल? जॉन थॉम्पसन या नामांकित प्रशिक्षकांनी त्यांना संघात घेतले. खेळाबरोबर अभ्यास मात्र सुटला नाही. भाषाशास्त्र व राजनय हे विषय घेऊन १९९१ साली ते पदवीधर झाले. त्याच वर्षी डेन्व्हर नगेट्स या संघाने त्यांना चौथ्या क्रमांकाने निवडले, आणि व्यावसायिक खेळास आरंभ झाला.

३. अठरा हंगाम

१९९४ साली डेन्व्हरचा संघ आपल्या विभागात आठवा, म्हणजे बादफेरीत कसाबसा शिरलेला होता. समोर पहिल्या क्रमांकाचा सिअ‍ॅटलचा संघ होता. पाच सामन्यांपैकी पहिले दोन डेन्व्हर हरला, आणि पुढचे तिन्ही जिंकला. आठव्याने पहिल्याला हरवण्याचा त्या स्पर्धेतील तो पहिलाच प्रसंग. त्या पाच सामन्यांत मुटोम्बो यांनी ३१ वेळा चेंडू अडवला. शेवटचा सामना संपताच ते चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर धरून जमिनीवर पडून राहिले व आनंदाने ओरडत होते.

पुढे अटलांटा, फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क व ह्यूस्टन या संघांतून ते खेळले. १९९५, १९९७, १९९८ व २००१ अशा चार वर्षी सर्वोत्तम बचावपटूचा मान त्यांना मिळाला. सबंध कारकीर्दीत त्यांनी ३,२८९ वेळा चेंडू अडवला. अडवलेल्या चेंडूंची अधिकृत नोंद १९७३ च्या हंगामापासून होऊ लागली. तेव्हापासून त्यांच्यापुढे एकटे हकीम ओलाजुवॉन आहेत.

त्यांची एक खोडही होती. चेंडू अडवला की ते तर्जनी हलवून ‘येथे नाही’ अशी खूण करीत. प्रेक्षक खूश होत, पण हा प्रतिस्पर्ध्याचा उपमर्द आहे असे ठरून त्याबद्दल दंड होऊ लागला. तेव्हा ते बोट प्रेक्षकांकडे वळवू लागले.

अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत ते दोनदा पोहोचले, २००१ साली फिलाडेल्फियाकडून व २००३ साली न्यू जर्सीकडून. दोन्ही वेळा हार झाली. एप्रिल २००९ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, सामन्यात गुडघा दुखावला आणि खेळ कायमचा थांबला.

४. मिळालेल्याचे काय केले?

खेळात त्यांना विपुल पैसा मिळाला. १९९६ साली अटलांटा येथील ऑलिंपिकला त्यांच्या देशाचा (तेव्हाचे नाव झैर) महिला बास्केटबॉल संघ आला, तेव्हा त्याच्या पोशाखाचा व खर्चाचा भार त्यांनी उचलला. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःची सेवासंस्था स्थापन केली.

किन्शासात अशांततेचे दिवस होते. त्यांची आई आजारी पडली, परंतु संचारबंदीमुळे रस्ते बंद होते. तिला रुग्णालयात नेता आले नाही व ती मरण पावली. मुलगा जगातील नामांकित खेळाडू, हाताशी धन, पण आईसाठी काही मैलांचा रस्ता उघडत नाही! या दुःखात ते थांबून राहिले नाहीत. राजधानीच्या कडेला, दाट गरीब वस्तीजवळ, तीनशे खाटांचे रुग्णालय उभारण्याचे काम त्यांनी हाती घेतले. अडचणी अनेक आल्या व वर्षांमागून वर्षे गेली. सुमारे २ कोटी ९० लक्ष डॉलर खर्च आला, व त्यातील निम्म्याच्या आसपास रक्कम त्यांनी स्वतः दिली. २००७ साली तेथे रोगी येऊ लागले. रुग्णालयाला आईचे नाव आहे: बियाम्बा मारी मुटोम्बो. डॉक्टर होण्याचा मानस पुरा झाला नाही, तरी त्या मानसामागची कळकळ वाया गेली नाही.

२०१५ साली बास्केटबॉलच्या सन्मान-दालनात त्यांची निवड झाली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी, ५८ व्या वर्षी, मेंदूच्या कर्करोगाने ते निधन पावले.

५. शिक्षकांनी ध्यानात घ्यावे

पहिली गोष्ट, उंची ही कमावलेली नसते. ती सोपवलेली असते. ज्याला जे सोपवले त्याचा तो कारभारी आहे, हे मुलांना येथे सहज दाखवता येते.

दुसरी, संघात अडवण्याचे, सांभाळण्याचे काम कोणीतरी करावे लागते. आपल्या मंडळीतही सतरंज्या घालणारे, हिशेब ठेवणारे, आजाऱ्याच्या उशाशी बसणारे असतात. त्यांची नोंद पुष्कळदा उशिराच होते, किंवा होतच नाही.

तिसरी, जपून सांगण्याची. ‘खेळाडू व्हा, पैसा मिळवा, मग दान करा’ असा धडा मुलांनी घेऊ नये. इतका पैसा लाखांत एखाद्याला मिळतो. आपल्यापैकी कोणी तीनशे खाटा बांधणार नाही, पण एका खाटेशेजारी बसणे प्रत्येकाला शक्य आहे.

वर्गासाठी प्रश्न

१. चेंडू अडवणाऱ्याला वाट का पाहावी लागते? आपल्या रोजच्या कामात अशी वाट केव्हा पाहावी लागते?
२. तर्जनी हलवण्यात काय गैर होते? जिंकताना आपले वागणे कसे असावे?
३. ठरवलेले शिक्षण किंवा काम न मिळाल्यास त्यामागचा हेतू दुसऱ्या मार्गाने कसा पुरा करता येईल?
४. आपल्या वस्तीत रात्री कोणी आजारी पडल्यास रुग्णालयात कोण नेईल? याची यादी वर्गाने मिळून करावी, आणि ती भिंतीवर लावावी.