रंगांची भाषा : किती खरी, किती भाकड?

'लाल रंगाने भूक लागते, निळ्याने विश्वास बसतो, गुलाबीने डोकं शांत होतं' अशी वाक्यं आपण सेमिनारच्या स्लाईडवर नेहमी बघतो. टाळ्याही पडतात. पण इंजिनिअरने विचारायचा प्रश्न एकच : कुणी मोजून बघितलंय का?

गुलाबीचंच घ्या. 1979 साली अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या नौदल तुरुंगात अलेक्झांडर शॉस यांच्या सांगण्यावरून एक कोठडी गुलाबी रंगवली. कैदी शांत झाले असं जाहीर झालं आणि तिथल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावावरून त्या छटेला 'बेकर-मिलर पिंक' म्हणू लागले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये संशोधकांनी कैद्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं गुलाबी आणि साध्या पांढरट कोठड्यांत वाटून आक्रमकता मोजली. 2015 साली निष्कर्ष छापून आला : फरक काही नाही! तोपर्यंत कितीतरी तुरुंगांनी भिंती रंगवून घेतल्या होत्या.

म्हणजे रंगांचा परिणाम होतच नाही का? होतो, पण जादूने नाही. त्याची तीन साधी कारणं आहेत.

पहिलं, उठाव. 1939 मध्ये फ्रँक सायर यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात परिषद भरवली आणि अमेरिकेतल्या स्कूल बससाठी पिवळा रंग ठरला. का? तर पहाटेच्या अंधुक उजेडात पिवळ्यावरची काळी अक्षरं चटकन दिसतात. इथे मनापेक्षा डोळ्याचं काम जास्त आहे.

दुसरं, सवय. वर्षानुवर्षं एकच रंगजोडी बघितली की नाव न वाचताच हात त्या डब्याकडे जातो. दंतमंजनाच्या डब्यावरच्या लाल-पांढऱ्या रंगजोडीवरून कोलगेटने अँकरला कोर्टात खेचलं. 2003 साली दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन अँकरला ती रंगजोडी वापरायला मनाई केली. अक्षर न वाचता येणारं गिऱ्हाईक रंगावरूनच माल ओळखतं, हा मुद्दा त्यात महत्त्वाचा होता.

तिसरं, संदर्भ. आपल्याकडे शुभकार्यात काळा रंग वर्ज्य, पण संक्रांतीला नव्या सुनेला हौसेने काळी चंद्रकळा नेसवतात. रंग तोच, अर्थ उलटा! त्यामुळे 'काळा म्हणजे अमुक' असा तक्ता पाठ करून काही उपयोग नाही. कोण बघणार आणि कुठे बघणार, हे आधी विचारा.

आता आपल्या कामाचं. लाल-हिरव्यातला फरक न कळणं हा दोष बहुतेक वेळा एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून तो मुलांत मुलींपेक्षा कितीतरी जास्त. आपल्या कॉलेजात मुलं किती, ते बघा! म्हणजे तुमच्याच विंगमध्ये असा कुणी असू शकतो, आणि त्याला स्वतःलाही ते माहीत नसेल. अशा मित्राने लॅबमध्ये नुसत्या रंगावरून फेज आणि अर्थिंग ओळखायला जावं, हे जिवावर बेतू शकतं. आपल्या प्रोजेक्टचं पॅनेलसुद्धा बघा : एकच एलईडी, 'चालू'ला हिरवा आणि 'बिघाड'ला लाल. त्याला दोन्ही सारखेच!

खाद्यपदार्थांच्या पाकिटावर हीच अडचण होती. शाकाहारी हिरवा ठिपका, मांसाहारी तपकिरी ठिपका, आकार एकच. 2020 च्या लेबलिंग नियमांनी मांसाहारीसाठी तपकिरी त्रिकोण आणला. खर्च जवळजवळ शून्य, गोंधळ संपला.

तेव्हा सबमिशनआधी एवढं कराच. पोस्टर कृष्णधवल झेरॉक्स काढून बघा. मजकूर वाचता आला तर उठाव बरोबर. वायरला रंगाबरोबर फेरूल लावा. दिव्याखाली शब्द लिहा, ग्राफमधल्या रेषा तुटक-सलग ठेवा. रंगाने मदत जरूर करावी, पण सगळा भार एकट्या रंगावर टाकू नये. व्हायवात 'हाच रंग का?' असं सरांनी विचारलं तर 'छान दिसतो' यापेक्षा बरं उत्तर तुमच्याकडे असेल!