कोच कसा शिकतो?

कबड्डी आपण सारेच खेळलो. पण खेळणे निराळे, शिकवणे निराळे. खेळ शिकवणारा तो कोच. त्यालाही आधी शिकावे लागते.

पंजाबात पतियाळा शहर आहे. तिथे महाराजांच्या मोतीबाग राजवाड्यात १९६१ साली राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली. कोच तिथे राहून शिकत. गावी परतले की हाताशी वही आणि छापील पुस्तक. पुस्तक चांगलेच, पण छापले की ते तिथेच थांबते. खेळ मात्र बदलतो. मातीवरची कबड्डी मॅटवर आली. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली. जुन्या पुस्तकात हे कुठून सापडणार?

२०२० साली करोना आला. मैदाने बंद पडली. तेव्हा भारतीय क्रीडा प्राधिकरणाने कोचांचे वर्ग इंटरनेटवरून घेतले.

आता घोटा धरण्याची पकड घ्या. पुस्तकातल्या चित्रात नुसता हात दिसतो. फोनवर तीच पकड थांबवून थांबवून दहादा पाहता येते. गुडघा किती वाकला, तेही दिसते.

मग नुसते पाहून भागेल का? छे! गडी पाय ओढतो तेव्हा जोर किती करावा, कधी सोडावे, हे हाताला कळले पाहिजे. इथे चुकले तर पोराचा गुडघा जातो. खेळ तर जातोच, नांगरही धरवत नाही. म्हणून वाचायचे-पाहायचे घरी आणि पकड शिकायची मैदानावर, जाणत्या कोचाच्या देखत. आम्हांला ही सांगड पटते.

फोनवरच्या धड्यातही अक्षरे असतात, बरं का! गावात रेंज नसली तर बाजाराच्या दिवशी धडा फोनमध्ये उतरवून आणावा.