कान्हेरी : सोनाराची पोढी, लोहाराची वाट

(एस. वाय. बी. ए.)

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील जंगलात कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह व ओसरीतील दोन उंच बुद्धमूर्ती पाहून परततात. आमच्या इतिहासाच्या सहलीचाही बराच वेळ तेथेच गेला. मला मात्र विहारांजवळ खोदलेली पाण्याची टाकी अधिक बोलकी वाटली. डोंगरावरचे पावसाचे पाणी खडकात कोरलेल्या पन्हळींतून त्यांत उतरते. भिक्खूंचे कोरडे महिने त्यावरच निघत. ब्राह्मी लेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. कल्याणच्या सामिदत्त सोनाराने एक पोढी दिली, तर तेथल्याच नद नावाच्या लोहाराने वाट करून दिली, असे लेख सांगतात. चैत्यगृहदेखील गजसेन व गजमित्र या व्यापारी बंधूंचे दान होय. आपण मात्र सातवाहन राजांची वंशावळ तेवढी पाठ करतो. लोहाराचे नाव परीक्षेला येत नाही!

लेखातील शब्द 'कमार', म्हणजे लोहार. माझे वडीलही भात्यापुढे बसतात. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "एवढा डोंगर फोडला, तर छिन्न्यांना धार लावायला, पाणी द्यायला तिथं किती जण बसले असतील रे?"